दस्तीखालचा भाव

चंदाची सवत पडवीत भिंतीला टेकून उभी असायची. तिला दोन चाकं होती, म्हशीच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल होतं, आणि करणचा अख्खा रविवार तिच्या नावावर होता.

तशी चंदा समजदार बाई. नार्नूरकडच्या माहेराहून तामसीजवळच्या या घरात आली, तेव्हा सासूचा तोंडाळपणा, सासऱ्याचा बैलांचा नाद, नळाचं रुसकं पाणी, सगळं तिनं निमूट पदरात घेतलं होतं. सायकल मात्र तिच्या घशाखाली उतरली नाही. करण आठवडाभर आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बसायचा. कापसाच्या गाड्या तोलून संध्याकाळच्या बसनं घरी यायचा तो केसांत रुई घेऊन. हातात काय तो रविवार. आणि त्या रविवारी चहाचा कप खाली ठेवला की हा गडी मऊ फडकं घेऊन पडवीत बसायचा तो थेट जेवायलाच उठायचा. चाकाची एकेक तार पुसायचा, साखळीची एकेक कडी. दीपमालाला, म्हणजे त्यांच्या अजून दातही न आलेल्या लेकीला, जरा घ्या म्हटलं, तर दोन्ही हात वर करून दाखवायचा.

"तेलाचे हायेत व."

"पोरीले मी बी तेलच लावते," चंदा म्हणायची. "तुमच्या हाताचं लागलं तर काय बिघडते?"

तो हसायचा. हसून पुन्हा तारेवर.

सायकल साधी नव्हती, हे मान्य करावं लागेल. इंग्लंडात बनलेली, सामान लादून मुलूखच्या मुलूख पालथे घालायला केलेली, बाटलीच्या काचेसारखी गर्द हिरवी. करण नागपूरला डिप्लोमाला होता तेव्हा तिथल्या एका हौशी म्हाताऱ्यानं ती त्याला जवळपास फुकटात दिली होती. परीक्षा संपल्यावर गाठोडं बांधून, पैनगंगा ओलांडून, हा पठ्ठ्या तिच्यावरच बसून गावात आला. लोक अजून सांगतात. चंदानं तो किस्सा लग्नाच्या मांडवातच ऐकला होता, तेव्हा तिला त्याचं कौतुकही वाटलं होतं.

कौतुक आटलं ते एका फोटोनं. दीपूचे फोटो पाहता पाहता करणच्या फोनमध्ये अंगठा जरा जास्तच वर सरकला, आणि ती दिसली. ऊन, रस्ता, ती हिरवी सायकल, आणि हँडल धरून उभी एक पोरगी. डाव्या कमरेवर सगळा भार देऊन, मान मागे टाकून हसणारी.

"कोण हाये ही?"

"म्हाताऱ्याची नात. मीनल," करण म्हणाला, आणि ताटातली भाकरी मोडून कालवणात बुडवली.

एवढंच. दुसरी कुणी असती तर विसरली असती. चंदानं ते नाव पोरीच्या दुपट्यासारखं घडी घालून जपून ठेवलं. दीपू दूध पिता पिता डोळे मिटायची आणि चंदा पडवीकडे बघत बसायची. त्या हँडलवर तो हात होता. ती घंटी त्या बोटानं वाजवली असेल. आणि माझ्या पोरीला त्या हँडलवरून फिरणारा हात मोकळा मिळत नाही.

एका रविवारी तिनं विषय काढलाच. सहज, पोरीला मांडीवर थोपटता थोपटता.

"इकून टाकू ते. जुनी का होईना, एखादी स्कूटी येईन. दीपूले दवाखान्यात न्यायचं तर बसमंधी उभं राहा लागते. तुमाले बी कामावर जायाले होते."

करणचा हात तारेवर थांबला. चंदा भांडणाच्या तयारीत होती, चार उत्तरं तिनं आधीच तोंडात घोळवून ठेवली होती. पण त्यानं फडक्याची नीट घडी केली.

"पाह्य मंग," तो म्हणाला. "भाव काढ तिचा. बरा आला तर देऊन टाकू."

तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. ही मुकाट मान्य करण्याची रीत तिला जास्त झोंबली. एवढं काय दडवायचं असतं माणसाला, की भांडताही येऊ नये?

भाव काढायचा तर सुरुवात कुठून करायची? चंदानं आधी गल्लीतून जाणाऱ्या भंगारवाल्याला थांबवलं. त्यानं एका हातानं सायकल उचलून बघितली आणि लोखंडाच्या हिशोबानं जो आकडा सांगितला, तो ऐकून ओट्यावर बसलेले उद्धवराव, तिचे सासरे, पान थुंकून उठले.

"जनावराचा भाव खाटकाले पुसतेत का? चाल गा, पुढं हो." भंगारवाला गेल्यावर ते सुनेकडे वळले. सगळी हयात त्यांनी बाजारात बैल घेण्या-देण्यात घालवली होती, त्यामुळे या कामात आपल्याला कुणी विचारलं नाही याचंच त्यांना वाईट वाटलं होतं. "पयले दात पाहावं. मंग खूर. मंग चाल. अन् सौदा कसा? दस्तीखाली."

त्यांनी खांद्यावरची दस्ती, म्हणजे तो मोठा लाल रुमाल, आपल्याच हातावर पसरून दाखवला. "घेणाऱ्याचा हात खाली, देणाऱ्याचा हात खाली. बोटं धरून आकडा सांगायचा. भवताली शंभर लोक राहू दे, कोनाले काय समजत नाई."

"अन् मामाजी, देणाऱ्याले पटलं नाई तर?"

"तर त्यानं मूठ मिटायची. मूठ मिटली का समजायचं, जनावर घरी चाललं."

"अन् घरी आलं का बायकोची बोलणी खायची," आतून जयवंताबाई म्हणाल्या. "अर्ध्या जोड्या यायनं मूठ मिटूनच परत आनल्या. लग्नात तेवढी मिटली नाई."

"तुह्या बापानं धरून ठेवली होती व माही बोटं," उद्धवराव म्हणाले आणि पुन्हा ओट्यावर टेकले.

दातांचं मात्र चंदाच्या लक्षात राहिलं. तिनं फोनवर, जिथं लोक जुन्या वस्तू विकतात तिथं, सायकलचे फोटो टाकले. एकानं विचारलं, बॅटरी किती चालते. एकानं सायकलच्या बदल्यात शेळी देऊ केली. मग हैदराबादहून राजकुमार नावाच्या माणसाचा निरोप आला. घरात मराठी बोलणारा, पण मध्येच हिंदीत घसरणारा. जुन्या सायकली जमवायचा त्याला छंद होता, आणि त्यानं पहिलाच प्रश्न दातांचा विचारला. पायडलच्या मधल्या नळीला खालून नंबर कोरलेला असतो, तो वाचून सांगा. त्यावरून सायकलचं वय कळतं.

दीपूला कडेवर घेऊन चंदानं सायकल उलटी केली. नंबर दिसेना. तिनं चुलीतली राख बोटावर घेऊन चोळली, तसे आकडे पांढरे होऊन वर आले. पोरीनं राखेचं बोट तोंडात घालायच्या आत तिनं फोटो काढून पाठवला.

"क्या बात है," पलीकडून आलं. "ताई, अशा सायकली आता मिळत नाहीत."

मग रोज दुपारी, पोर निजली की हेच. सांध्यांवरची सोनेरी रेघ मूळची आहे का? मागचं सामान ठेवायचं स्टँड तेच का? रंग नंतर कुणी मारला नाही ना? मूळ रंग असेल तर भाव चढतो, वरून मारला असेल तर कोसळतो. चंदा एकेक गोष्ट बघून सांगायची आणि एकेका उत्तरासरशी भाव वर सरकायचा. जुन्या स्कूटीच्या किमतीला पोचला, तिच्याही पुढे गेला. चंदाला आनंद व्हायला हवा होता. पण सवतीचं रूप परक्याच्या तोंडून, तेही तुकड्यातुकड्यानं ऐकत बसायचं आणि वर आपणच राख लावून तिचे दात घासायचे, हे काही सुखाचं काम नव्हतं.

शेवटी तो सीटवर आला. "सीट चामड्याचं आहे, खरं मोल त्यातच आहे. हे सुरुवातीला लाकडासारखं कडक असतं. जो माणूस बरीच वर्षं त्यावर बसतो, त्याच्या अंगाचा ठसा त्यात उमटतो. वरून सरळ एक फोटो पाठवा."

चंदानं फोटो काढला. पाठवला. आणि मग फोन खाली ठेवून ती नुसती बघत राहिली.

ठसा होता. इतके दिवस ती त्या सीटवर ओले लंगोटसुद्धा वाळत घालत होती, पण कधी बघितलं नव्हतं. दोन खळगे होते, अंड्याएवढे. उजवा उथळ, डावा खोल. तिनं डाव्या खळग्यात तळहात ठेवला. चामडं उन्हानं कोमट झालं होतं, जणू कुणी आत्ताच उठून गेलं होतं.

डाव्या कमरेवर भार देऊन उभी राहणारी बाई. ती बसणारही डावीकडेच झुकून.

म्हणजे ती नागपुरात राहिलीच नव्हती. ती इथं होती, या पडवीत, या घराच्या उंबऱ्याआत, आणि दर रविवारी आपला नवरा मऊ फडक्यानं तिचीच जागा पुसत होता. चंदाला एकदम गरम झालं. तिनं हात काढून पदराला पुसला. दीपू झोपेत हसली, तर तेसुद्धा तिला क्षणभर आवडलं नाही.

शनिवारी करण कामावर गेला, आणि तिनं सासूला विचारलं. "आत्याबाई, चामडं लय कडक झालं तर काय करा लागते?"

"चामड्याच्या मोटेले आमी करडईचं तेल पाजत होतो," जयवंताबाई म्हणाल्या. "नुसतं लावून होत नाई. पाजा लागते. दाबून दाबून."

चंदानं स्वतःला समजावलं, यात वावगं काय आहे? उद्या राजकुमार सायकल बघायला येणार. तिच्या बापाच्या दारातून कुठलंही जनावर तेलाशिवाय बाजाराला गेलं नव्हतं. शिंगं तासायची, अंग धुवायचं, तेलाचा हात फिरवायचा. कोरडं जनावर दावणीवरून हलवलं तर लोक हसतात. रंग मारला तर भाव कोसळतो म्हणाला होता तो. तेलाचं काही बोलला नव्हता.

दीपूला चोळायला गरम केलेलं तेल वाटीत उरलं होतं. ते घेऊन ती पडवीत बसली. पोरीच्या पायावरून फिरताना जो अंगठा पाकळीसारखा असतो, तो तिनं डाव्या खळग्यात असा रुतवला की नख पांढरं पडलं. पी. अजून पी. वाटी संपली तशी आणखी आणली. सीट उन्हात ठेवलं, परत पाजलं. दुपार कलली तेव्हा चामडं वासराच्या कानासारखं मऊ झालं होतं, मधोमध जुन्या बाजेसारखं लोंबलं होतं, आणि खळगे पुसून गेले होते. डावा तेवढा, नीट बघितलं तर, किंचित.

तिनं वरून प्लास्टिकची पिशवी बांधली, साबणानं हात धुतले आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणत स्वयंपाक केला.

रविवारी सकाळी गाडी दारात आली. राजकुमार उतरला, आणि त्याच्या मागून त्याची बायको, पूनम. आखूड केस, पायात खेळाडूंचे बूट. चंदानं हे धरलंच नव्हतं. घेणारा माणूस तिनं एकटा, टकला वगैरे कल्पिला होता.

पूनम वाईट बाई नव्हती. तिनं दीपूचे गाल धरले, सासूच्या पाया पडली. मग सरळ सायकलपाशी जाऊन करणला म्हणाली, "नागपूरहून इथवर खरंच हिच्यावर आलात? सांगा ना."

आणि करण सांगू लागला. पैनगंगेच्या पुलावर वाऱ्यानं कसं ढकललं, पांढरकवड्याला एका चहावाल्यानं पैसे कसे घेतले नाहीत. चंदा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. लग्नानंतर या माणसानं इतकी वाक्यं सलग बोललेली तिनं ऐकली नव्हती. त्याचा चेहरा असा उजळला होता, जसा तो दीपूला पहिल्यांदा हातात घेताना उजळला होता. हा उजेड आपल्या दोघी मायलेकींचाच आहे, अशी तिची इतके दिवस समजूत होती.

"चहा घ्या," ती म्हणाली. जरा जोरातच.

राजकुमारनं पिशवी सोडली आणि सीटवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्याचा चेहरा पडला.

"हे काय झालं? फोटोत तर हे..." त्यानं पुन्हा दाबलं. "गेलं हो हे. आता यावर बसता येणार नाही."

करण पुढे आला. त्यानं सीटवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. करडई. त्यानं चंदाच्या हातांकडे एकदा बघितलं, ट्रे धरलेल्या. मग म्हणाला, "उन्हात राह्यलं. माह्याच चुकीनं."

चंदानं ट्रे ओट्यावर ठेवला.

"वाईट झालं," राजकुमार हळहळला. "फोटो बघितला तेव्हाच मी पूनमला म्हटलं होतं, या सायकलवर एकच माणूस खूप बसलाय, आणि तो डावीकडे झुकून बसतो. तुम्हीच ना?"

"हो," करण म्हणाला. "लहानपणी बैलगाडीतून पडलो होतो. डावा पाय बोटभर आखूड हाये. चालताना कोनाच्या ध्यानात येत नाई."

कुणाच्या ध्यानात येत नाही. चंदाच्या येत होतं. आदिलाबादच्या बसस्टँडवरच्या चांभाराकडून करणच्या डाव्या चपलेला चामड्याची एक पट्टी जास्त लावून आणायची, हे लग्नापासून तिचंच काम होतं. त्या पट्टीचं तिच्या सासूलाही माहीत नव्हतं. जगात तो पाय तिच्याइतका कुणी ओळखत नव्हतं, आणि त्याच पायाची खूण हाताखाली आली तेव्हा तिनं दुसऱ्याच बाईचं नाव घेतलं. अंगठ्यानं रगडून रगडून पुसली.

"सीट मी दुसरं घालीन," राजकुमार सांगत होता. "तसंही ही पूनमसाठीच घेतोय. भाव थोडा खाली येईल, एवढंच."

पूनमनं तोवर सायकल अंगणात काढली होती. "एक चक्कर?" तिनं करणला विचारलं, आणि त्यानं मान हलवताच ती त्या लोंबलेल्या सीटवर बसून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊनही आली. डाव्या बाजूला तो खळगा अजून किंचित उरला होता. चंदाला माहीत होतं कुठे. त्यावर ती बसली होती.

इतके दिवस तिच्या पोटात जी आग जळत होती ती मीनलच्या नावाची होती. आता ती आग तिथून उठून, इकडेतिकडे न बघता, या आखूड केसांच्या भल्या बाईवर जाऊन बसली.

"सौदा आमच्या रीतीनं होईन," उद्धवरावांनी जाहीर केलं. ते सकाळपासून धुतलेली दस्ती खांद्यावर टाकून याच घटकेची वाट बघत होते. राजकुमारला गंमत वाटली. त्यानं शिकून घेतलं आणि दस्तीखाली म्हाताऱ्याची बोटं धरली. उद्धवरावांच्या भिवया वर गेल्या. आकडा बरा असणार.

"मालक करण हाये," ते म्हणाले. "त्याले सांगतो मी." त्यांनी बापलेकाच्या हातांवर दस्ती पसरली, बोटं धरली, सोडली.

करणनं आकडा ऐकला. मग म्हणाला, "भाव तिनं काढला हाये. तिलेच इचारतो."

चंदानं पोर सासूकडे दिली. पदर सारखा केला. अंगणात सासू, सासरे, पाहुणे, कुंपणाशी येऊन थांबलेल्या शेजारणी, इतक्या माणसांत तिनं दस्तीखाली हात घातला आणि नवऱ्याचा हात धरला. हातावर तारा पुसून पुसून झालेले घट्टे होते. करणनं राजकुमारचा आकडा तिच्या बोटांवर दाबून सांगितला. स्कूटी येऊन वर पोरीला पायातले वाळे येतील, एवढा होता.

तिनं त्याची बोटं एकेक करून आत दुमडली. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. मग त्या मुठीवर स्वतःची मूठ आवळली.

उद्धवरावांना दस्तीचा उंचवटा बघूनच कळलं. "चाललं," ते म्हणाले. "जनावर घरी चाललं."

"सून नाई ते, ह्यायचीच पोरगी हाये," जयवंताबाई म्हणाल्या.

राजकुमारनं हसून हात जोडले, मन बदललं तर कळवा म्हणाला. पूनमनं सायकल भिंतीला जिथली तिथं टेकवली. गाडी निघून गेली, शेजारणी पांगल्या. करण तसाच उभा होता, दस्ती अजून हातावर.

"काऊन?" त्यानं हळूच विचारलं.

"बसमंधी उभी राहीन मी," चंदा म्हणाली. "पन रविवारचा अर्धा दिवस पोरगी तुमच्यापाशी. तेलाचे हात असले तरी."

"बरं. अन् सीट?"

"त्याच्यावर बसा अजून धा वर्सं. व्हईन परत." ती सायकलकडे बघत होती, त्याच्याकडे नाही. "एक सांगा. त्या सीटवर ती बसत होती का? मीनल?"

करणला आधी नावच उमगलं नाही. मग उमगलं, आणि त्यासोबत करडईच्या तेलाचंही उमगलं. तो ओट्यावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"तिले सायकल येते कुठं व? दोनदा पडली, मंग नाव सोडून देल्लं तिनं."

"मंग फोटोत काऊन धरली हाये एवढी?"

"सायकल पडून जाईन म्हणून."

चंदानं दीपूला सासूकडून घेतलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. उत्तर ठीक होतं. पण आत जाता जाता ती थांबली.

"तो फोटो तेवढा काढून टाका," ती म्हणाली.